अमजद खानच्या नावावर कोणाचा फोन?

(छत्रपती संभाजीनगर येथे तरुणांसमोर केलेले भाषण)



अमजद खान हे नाव लक्षात ठेवा. २०१६-१७ मध्ये पुण्यात या नावाने एक फोन चोरून ऐकला गेला. कारण दाखवले अमली पदार्थांचे. प्रत्यक्षात तो फोन नाना पटोले यांचा होता, असा आरोप आहे. ते तेव्हा खासदार होते, तेही सत्ताधारी पक्षाचे! २०२१ मध्ये त्यांनी विधानसभेत हा प्रश्न मांडला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये पुण्यात गुन्हा दाखल झाला. बच्चू कडूंच्या फोनसाठी 'निजामुद्दीन बाबू शेख' हे नाव वापरल्याचे समोर आले. राज्य गुप्तवार्ता विभागाने संजय राऊत आणि एकनाथ खडसे यांचे फोन ऐकल्याचा दुसरा गुन्हा मुंबईत नोंदवला गेला. मग सरकार बदलले. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दोन्ही गुन्हे रद्द केले. खटला उभाच राहिला नाही.

फोन पुढाऱ्यांचे, नावे मात्र आपली. कागदावर असे नाव दिसले की सही करणारा जास्त विचारपूस करणार नाही, असे तर कोणाला वाटले नसेल? म्हणून हा विषय फक्त पुढाऱ्यांचा नाही.

लष्कराभोवती आपल्या देशाने पक्के कुंपण घातले आहे. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थानात, म्हणजे आपल्या जिल्ह्यातही, लष्करी गव्हर्नर जनरल चौधरी यांचा कारभार होता. १९४९ च्या अखेरीस तो संपला आणि १९५२ मध्ये लोकांनी निवडलेले सरकार आले. आजही गणवेशातल्या माणसाला पक्षात किंवा राजकीय सभेत भाग घेता येत नाही.

गुप्तचरांभोवती असे कुंपण नाही. आयबी १८८७ ची, रॉ १९६८ ची. पण दोन्ही संसदेच्या कायद्याने निर्माण झालेल्या नाहीत. त्यांचा हिशेब घेणारी संसदीय समिती नाही. आणीबाणीत काँग्रेसचे सरकार असताना या यंत्रणेचा राजकारणासाठी वापर झाला. २०११ मध्ये खासदार मनीष तिवारी यांनी खासगी विधेयक आणले. ते मंजूर झाले नाही.

१९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फोन ऐकण्यावर अटी घातल्या: आदेश गृहसचिवाचा हवा आणि समितीने दोन महिन्यांत तो तपासावा. पण समितीत सारे सरकारी सचिवच. सरकारचा आदेश सरकारच तपासणार!

देशाला गुप्तचर हवेत, यात वाद नाही. २६/११ महाराष्ट्र विसरलेला नाही. पण विरोधकाच्या मागे लावलेला माणूस दहशतवाद्याच्या मागे नसतो, हेही खरे. दुसऱ्याच्या खासगी गोष्टींची टेहळणी करू नका, ही सूरह हुजुरातची शिकवण आपल्याला ठाऊक आहे. राज्यघटनाही तेच सांगते: २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला.

म्हणून मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, तो आपल्या आवडत्या पक्षाचा असला तरी, तीन प्रश्न विचारा. गुप्तचर यंत्रणांसाठी कायदा करणार का? संसदेची देखरेख आणणार का? फोन ऐकण्याची परवानगी न्यायाधीशांकडे देणार का? विरोधात असताना सगळेच 'हो' म्हणतात. सत्ता आल्यावर पुन्हा जाऊन विचारा.