संस्था सोपवता आली पाहिजे



रत्नागिरी जिल्ह्यातील सार्वजनिक ग्रंथालयांच्या या अधिवेशनात स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मनापासून स्वागत करते. मंडणगडापासून राजापूरपर्यंत पसरलेला आपला जिल्हा. तुमच्यापैकी अनेकजण पहाटेची पहिली एसटी धरून आले आहेत. राहण्यासाठी गावाने आपली घरे उघडी केली आहेत, स्वयंपाक बचत गटाच्या भगिनी करीत आहेत. काही उणे वाटले तर संकोच न करता आम्हाला सांगा.

रत्नागिरीत 1828 साली सार्वजनिक वाचनालय सुरू झाले. 2028 मध्ये त्याला दोनशे वर्षे पूर्ण होतील. कंपनी सरकार गेले, इंग्रजांचे राज्य गेले, मुंबई राज्याचे महाराष्ट्र राज्य झाले, आणि पुस्तकांची देवघेव चालूच राहिली. अशा संस्थेचे संस्थापक आपण गौरवाने आठवतो. पण त्यांच्यानंतर ज्यांनी एक पै न घेता हिशेब लिहिले, सभा बोलावल्या, छपराची कौले बदलली आणि वेळ आली तेव्हा किल्ल्या पुढच्याच्या हाती दिल्या, त्यांची नावे इतिवृत्ताच्या जुन्या वह्यांतच राहिली. संस्था टिकते ती त्यांच्यामुळे. आज मला बोलायचे आहे ते या सोपवण्याबद्दल.

आपल्या राज्यात या प्रश्नाला विशेष वजन आहे. मद्रास प्रांताने 1948 मध्ये ग्रंथालय कायदा केला तेव्हा ग्रंथालय कर बसवला आणि कारभारासाठी सरकारी यंत्रणा उभी केली. महाराष्ट्राच्या 1967 च्या कायद्यात तसा कर नाही. इथे सार्वजनिक ग्रंथालये बहुतांशी नागरिकांच्या नोंदणीकृत संस्था चालवतात आणि शासन त्यांना वर्गवारीनुसार परिरक्षण अनुदान देते. म्हणजे गावाला पुस्तक मिळेल की नाही, हे शेवटी सात-अकरा जणांच्या बिनपगारी कार्यकारी मंडळावर ठरते. एवढा मोठा भरवसा समाजाने आपल्यावर टाकला आहे.

संस्था सोपवायची कशी, हे दाखवणारे महर्षी कर्वे याच जिल्ह्याचे. शेरवलीत जन्मलेले, मुरूडला वाढलेले. 1896 साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, हिंगण्याच्या माळरानावर तो वाढवला, आणि 1916 मध्ये महिला विद्यापीठाचे नवे काम उभे केले. हिंगण्याची संस्था त्यांच्या हयातीतच इतरांच्या हातांनी चालू लागली होती आणि ती आजही चालते आहे. कर्व्यांच्या त्यागाबद्दल आपण खूप बोलतो. मला त्यांचा याहून मोठा वाटणारा गुण म्हणजे सहकारी घडवून त्यांच्यावर काम टाकण्याचा. वीस वर्षे तोच अध्यक्ष, तोच कार्यवाह, ही निष्ठा खरीच असते. पण त्या वीस वर्षांत दुसरा कोणी तयार झाला नसेल तर ते संस्थेचे नुकसान आहे, असे मी स्पष्टपणे म्हणते.

हे नुकसान कसे उघडे पडते, ते आपण सर्वांनी कुठे ना कुठे पाहिले आहे. ज्येष्ठ कार्यवाह अचानक जातात. निवडणुका झालेल्या असतात, पण मंडळ बदलल्याची नोंद करणारा बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात दाखलच झालेला नसतो. कायद्याने तो नव्वद दिवसांत द्यायचा असतो. तिथल्या नोंदीच्या परिशिष्टावर दिवंगतांची नावे, बँकेत त्यांच्याच सह्या. नव्या मंडळाला खाते चालवता येत नाही. अनुदान जमा होते आणि खात्यातच अडकते. त्याची झळ सर्वांत आधी बसते ती ग्रंथपालाला. जी बाई रोज संध्याकाळी दार उघडते, दाखलनोंद ठेवते, शाळकरी मुलांना पुस्तक काढून देते, तिचे आधीच तुटपुंजे वेतन महिनोन्महिने थांबते. म्हणून मार्चअखेरचा ताळेबंद, सहा महिन्यांच्या आत लेखापरीक्षण, वेळेवर बदल अर्ज यांना कागदी कटकट म्हणू नका. त्या कागदांवर एका घराची चूल अवलंबून आहे.

ग्रंथपालाविषयी आणखी एक. मंडळाने धोरण ठरवावे, पैसा उभा करावा, हिशेब तपासावा. कोणते पुस्तक कुठल्या कपाटात लावायचे, हे ग्रंथपालावर सोडावे. मंडळाच्या बैठकीत तिला खुर्ची द्यावी आणि तिचे म्हणणे इतिवृत्तात नोंदवावे. आपण मानसेवी आहोत म्हणून पगारी माणसाला हुकूम करण्याचा अधिकार मिळत नाही.

कोकणाची अडचण वेगळी आहे, हे मी जाणते. तरुण मुंबई-पुण्याला, गावात राहिलेले बहुतेक साठीपुढचे. मग गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब करायची आणि आहेत तेवढ्यांत ठराव मंजूर करायचे, अशी सवय लागते. ही सवय सोडली पाहिजे. गणपतीत चाकरमानी गावी असतो. वार्षिक सर्वसाधारण सभा त्या दिवसांत ठेवा आणि लेखापरीक्षण त्याआधी उरकून घ्या. त्यांच्यातला कोणी बँकेत असतो, कोणी वकिलाकडे, कोणी संगणकावर काम करणारा. त्याच्याकडे केवळ देणगीचे पावती पुस्तक घेऊन जाऊ नका. त्याला काम द्या. ग्रंथसूची संगणकावर चढवणे, हिशेब तयार करणे ही कामे दूर राहूनही होतात. दूरदृश्य बैठकीची तरतूद नियमावलीत नसेल तर रीतसर दुरुस्ती करून घ्या. आणि गावातच राहणाऱ्या सुना, शिक्षिका, आशाताई? वाचकांच्या नोंदवहीत त्यांची नावे असतात. मंडळाच्या यादीत ती फारच कमी दिसतात.

दुपारच्या खुल्या अधिवेशनात स्वागत समिती एक ठराव मांडणार आहे. प्रत्येक ग्रंथालयाने येत्या निवडणुकीत कार्यकारी मंडळाच्या किमान दोन जागा पस्तिशीच्या आतल्यांना द्याव्यात, त्यातली एक स्त्रीला. आणि मावळत्या कार्यवाहाने वर्षभर नव्या कार्यवाहाबरोबर बसून दप्तर समजावून द्यावे. ठराव आपल्याला न पटल्यास विरोधात बोला, दुरुस्त्या सुचवा. पटला तर हात वर करून थांबू नका. गावी परतल्यावर पहिल्याच बैठकीच्या विषयपत्रिकेवर तो घ्या.