हातचा कुठून येतो?



प्राथमिक वर्गात दरवर्षी भेटणारं एक उत्तर आधी सांगतो. ४२ वजा १७ बरोबर ३५. मुलाने सातातून दोन वजा केले, चारातून एक वजा केला. मोठ्यातून लहान वजा करायचं, हा शिकवलेला नियम त्याने निष्ठेने पाळला. आता त्याच मुलाला विचारा, "बेचाळीस रुपये होते, सतरा रुपयांचा खाऊ आणलास, उरले किती?" पुष्कळदा पंचवीस हे उत्तर तोंडीच येतं. त्याच्याकडे दोन गणितं आहेत, एक दुकानातलं, एक वहीतलं, आणि त्या दोघांची ओळख कुणी करून दिलेली नाही.

ही ओळख न होण्याची किंमत अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२५ साली 'नेचर'मध्ये छापलेल्या अभ्यासात मांडली आहे. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांकडून त्यांनी भाजी विकत घेतली. वीस रुपये किलोचे आठशे ग्रॅम बटाटे, पंधरा रुपये किलोचे एक किलो चारशे ग्रॅम कांदे, वर दोनशेची नोट. मुलं कागदपेन्सिल न घेता हिशेब करून मोड परत देत होती. शाळेच्या पद्धतीचा साधा भागाकार कागदावर दिला की मात्र त्यातली बहुतेक अडत. पण त्या अभ्यासाची दुसरी बाजू आपल्यासारख्या गणित शिकवणाऱ्यांसाठी जास्त बोचरी आहे. जवळच्या शाळांतली मुलं कागदावरचं गणित बरं सोडवत होती आणि बाजारातल्या हिशेबात कोलमडत होती.

'असर'च्या २०२४च्या शैक्षणिक पाहणीनुसार ग्रामीण भारतात आठवीतल्या ४५.८ टक्के मुलांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येतं. असा आकडा आला की आपल्यात दोन तट पडतात. एक म्हणतो, पाढे सुटले म्हणून गणित गेलं. दुसरा म्हणतो, घोकंपट्टीनेच गणित मारलं. मग समेट म्हणून आठवड्यात तीन तासिका पाठांतराला आणि दोन कृतींना देतात. मला ही वाटणी मान्य नाही. काड्यांचे गठ्ठे सोमवारी आणि हातच्याची वजाबाकी गुरुवारी शिकवली, तर ती दोन वेगळी प्रकरणंच राहतात. ४२ वजा १७ करताना गठ्ठा सोडून दहा काड्या सुट्या करायच्या आणि त्याच क्षणी फळ्यावर चारचा तीन करायचा. बाराच्या बारा काड्या समोर दिसत असताना त्यातून सात काढायच्या. हातचा कुठून आला हे तिथे दिसतं.

पाढ्यांच्या बाबतीत मी जुन्या मताचा आहे. सात आठे छप्पन्न हे विचार न करता आलं पाहिजे, नाहीतर भागाकार करताना मुलाचं सगळं लक्ष तिथेच खर्च होतं. आपली पावकी, निमकी, सवायकी, दिडकी ही बाजारासाठीच घडलेली होती. पाठांतर आणि व्यवहार तिथे एकाच घरात नांदत होते. फक्त पाढा पाठ करण्याआधी मुलाने तो मणी मांडून एकदा स्वतः तयार केलेला असावा. तीसपर्यंतच्या पाढ्यांचा आग्रह मी धरणार नाही. दहापर्यंतचे मात्र पक्के हवेत.

संख्यांच्या नावांचंही तसंच. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'तेवीस'बरोबर 'वीस तीन' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, आठवत असेल. त्या बदलामागे मंगला नारळीकरांसारख्या गणितज्ञ होत्या आणि जुनी नावं पुस्तकातून काढलेली नव्हती. 'त्रेपन्न' ऐकून पस्तीस लिहिणारं मूल ज्याने पाहिलंय, त्याला तो उपाय का सुचला हे समजावून सांगावं लागत नाही. एकोणसाठ, त्र्याहत्तर ही नावं आपली आहेत, ती राहावीतच. पण दशक-एकक बसेपर्यंत 'पन्नास तीन'चा आधार द्यायला काय हरकत आहे? विधिमंडळातल्या थट्टेत हा प्रश्न वाहून गेला, याचं मला आजही वाईट वाटतं.

सराव आणि समज एकत्र कसे येतात, याचा सर्वात सुंदर नमुना देवळालीच्या एका शाळाशिक्षकाने दिला आहे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांचा ६१७४ ही संख्या जगभर ओळखली जाते. तिसरी-चौथीसाठी तिचं तीन अंकी रूप घ्या. कुठलीही तीन अंकी संख्या, तिन्ही अंक सारखे नकोत. समजा ३५२. अंक उतरत्या क्रमाने ५३२, चढत्या क्रमाने २३५, वजाबाकी २९७. पुन्हा तेच: ९७२ वजा २७९, ६९३. मग ५९४. मग ४९५, आणि तिथून पुढे ४९५च. प्रत्येक मूल आपापली संख्या घेतं आणि सगळा वर्ग एकाच ठिकाणी पोचतो. वाटेत प्रत्येकाच्या हातून भरपूर हातच्याच्या वजाबाक्या होऊन गेलेल्या असतात. मग विचारा, प्रत्येक उत्तरात मधला अंक नऊच का? उत्तर हातच्यात आहे. मधला अंक स्वतःतूनच वजा होतो, पण त्याआधी त्याने एकक स्थानाला एक दिलेला असतो, म्हणून त्याला शतकाकडून दहा घ्यावे लागतात. चौथीतलं मूल हे आपल्या शब्दांत सांगू शकतं.

'निपुण भारत' या केंद्राच्या मोहिमेने तिसरीअखेर पायाभूत संख्याज्ञान मिळवण्यासाठी २०२६-२७चं लक्ष्य ठेवलं आहे. तक्ते भरून ते गाठल्याचं दाखवता येईल, पण मुलाला काय समजलं हे त्यातून कळणार नाही. म्हणून आपल्या संघटनेने या वर्षी एक काम अंगावर घ्यावं, अशी माझी विनंती आहे. मुलांच्या चुकीच्या उत्तरांचा संग्रह करू या. उत्तर जसंच्या तसं लिहायचं, मुलाचं नाव नको, आणि शेजारी "हे कसं केलंस?" या प्रश्नाला मुलाने दिलेलं उत्तर, त्याच्याच बोलीत. मालवणीत, अहिराणीत, गोंडीत, जसं असेल तसं. कोऱ्या वह्या नोंदणीच्या टेबलावर ठेवल्या आहेत. जाताना प्रत्येकाने एक न्यावी आणि दिवाळीच्या सुट्टीपूर्वी भरून पाठवावी.