मांडून काढलेले छायाचित्र

छायाचित्र म्हटले की ते खरेच असले पाहिजे, अशी समजूत सुशिक्षित घरांतही अद्याप दृढ आहे. रंगांनी काढलेला राजा कल्पनेतला असला तरी चालतो; कॅमेऱ्यापुढे वेष देऊन उभा केलेला राजा मात्र लबाडी ठरतो. चित्रकलेच्या विद्यार्थ्यास ही समजूत प्रथम आडवी येते. वेष, पडदा, उजेड, पात्रांची बैठक ही सारी आपल्या मनाप्रमाणे योजून मग जे टिपले, त्यात कला कोणती, आणि मुळातली कल्पना तरी आपली की दुसऱ्याच्या चित्रावरून उचललेली, हा त्याचा खरा प्रश्न असतो. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यार्थ्यांना तर तो टाळताच येत नाही. कारण शंभरेक किलोमीटरवर अजिंठा आहे, आणि तेथे वही उघडली की नक्कल आणि निर्मिती ह्यांचा तंटा सुरू होतो.

वस्तुतः छायाचित्रणाच्या जन्माबरोबरच ही मांडणीही जन्मास आली. १८३९ साली फ्रेंच सरकारने दागेर ह्यांच्या शोधाचा मोठा गौरव केला. त्याच सुमारास स्वतंत्रपणे कागदावर छायाचित्र उतरविणारे इपोलित बायार हे मागे पडले. १८४० मध्ये त्यांनी बुडून मेलेल्या माणसाप्रमाणे अंग उघडे टाकून, डोळे मिटून आपलेच छायाचित्र काढले, आणि सरकारी उपेक्षेमुळे ह्या गृहस्थाने पाण्यात जीव दिला, अशा अर्थाचा मजकूर मागे लिहून ठेवला. त्या काळी कित्येक मिनिटे निश्चल बसावे लागे. मिटलेले डोळे त्या दृष्टीने सोयीचेही होते. गृहस्थ पुढे १८८७ पर्यंत हयात होते. चित्रातला मृत्यू खोटा, परंतु गाऱ्हाणे अगदी खरे!

आता अजिंठ्याकडे वळू. मेजर रॉबर्ट गिल ह्यांनी १८४४ पासून तेथे मुक्काम करून भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या प्रतिकृती केल्या. त्यांतील बहुतेक १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पुढे मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन लेण्यांत जाऊ लागले. मधले काही खंड सोडले तर हे काम १८८५ पर्यंत चालले, आणि त्याच वर्षी लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथे लागलेल्या आगीत त्यांतीलही कित्येक चित्रे नष्ट झाली. दैवाची ही पुनरुक्ती विलक्षणच म्हणावी लागेल. प्रती गेल्या, प्रती करता करता तयार झालेले हात तेवढे उरले.

ह्याच १८८५ साली त्या कलाशाळेत त्र्यंबकेश्वरचा एक पंधरा वर्षांचा मुलगा दाखल झाला. त्याचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्याने चित्रकला, मूर्तिकाम आणि छायाचित्रण ह्यांचे शिक्षण घेतले. गोध्र्यास छायाचित्राचे दुकान थाटले. तेथे प्लेगमध्ये पत्नी आणि मूल गेले. नाटकांचे पडदे रंगविले, पुराणवस्तु खात्यात नोकरी केली, आणि लोणावळ्यास रविवर्म्यांच्या चित्रांच्या छपाईचे काम केले. ह्या भटकंतीस लोक अस्थिरता म्हणत असतील. परंतु पडदा, मूर्ती, काच आणि छपाई ही चारही अंगे ज्याच्या एकट्याच्या हातांत आली, असा दुसरा माणूस त्या काळी सापडणे कठीण होते.

मुंबईच्या एका चित्रपटगृहात फाळक्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला, तेव्हा त्यांनी चाळिशी गाठली होती. डोळ्यांपुढे ख्रिस्त सरकत होता आणि मनात श्रीकृष्ण, श्रीराम, गोकुळ, अयोध्या उभी राहत होती, असे त्यांनी स्वतःच पुढे लिहिले आहे. विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर येथे शोधावे. बीज परदेशी होते. परंतु ते पडले ते रविवर्म्यांच्या छापील देवदेवतांत वर्षानुवर्षे रमलेल्या मनात. तो चित्रपट इतरही पुष्कळांनी पाहिलाच होता.

१९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये सर्वच मांडलेले आहे. दादरच्या एका बंगल्याच्या आवारात राजवाडा उभा झाला. राजाचे काम दत्तात्रय दामोदर दाबके ह्यांनी केले, रोहिदास झाला फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र. तारामतीसाठी स्त्री मिळेना, म्हणून एका उपाहारगृहातील आचारी अण्णा साळुंके ह्यांना लुगडे नेसविण्यात आले. दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई ह्या उन्हात पांढऱ्या चादरी धरून पात्रांवर उजेड पाडीत, आणि रात्री फिल्मला भोके पाडण्याच्या कामास बसत. लेण्यांत उन्हाचा कवडसा आरशाने वा पांढऱ्या कापडाने आत वळवून भिंतीवरची चित्रे दाखविण्याची जुनी रीत ज्यांना ठाऊक असेल, त्यांना ह्या चादरींचे महत्त्व निराळे सांगावयास नको. उजेड स्वतःहून पडतो आणि कलावंत तो फक्त टिपतो, हे म्हणणे ज्याने कधी चादर धरली नाही त्याचे!

१९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये त्याच साळुंक्यांनी राम आणि सीता ह्या दोन्ही भूमिका केल्या. पडद्यावर राम येताच प्रेक्षक हात जोडीत, असे सांगतात. त्यांना हे सोंग कळत नव्हते असे मानणे अन्यायाचे होईल; देवळातली मूर्ती पाथरवटाने घडविली आहे, हेही त्यांना कळतच होते.

चित्रपट कसे तयार होतात, हे दाखविणारा एक लहानसा चित्रपटही फाळक्यांनी काढला होता, आणि त्याचा काही भाग आजही पाहावयास मिळतो. त्यात ते पात्रांना शिकविताना आणि फिल्म हाताळताना दिसतात. पाहणाऱ्यास वाटते की, कोणी नकळत त्यांचे काम टिपले आहे. परंतु कॅमेरा कोठे ठेवावयाचा, पात्रांनी कोठे उभे राहावयाचे आणि स्वतः फाळक्यांनी कोणत्या बाजूने प्रवेश करावयाचा, हे आधी ठरल्यावाचून तेही चित्र निघाले नसते.