अतिस्थूल रुग्णाची शुश्रूषा : अनेक हातांचे काम



चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशातील आरोग्याविषयी बोलायचे म्हणजे हिवताप, कुपोषण आणि सिकलसेल यांविषयी बोलायचे, असा परिपाठ आहे. तो चुकीचा नाही. परंतु गडचिरोलीतील ८६ खेड्यांत 'सर्च' संस्थेने केलेली पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली, तीत पक्षाघात हे मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण ठरले. सात मृत्यूंपैकी एक. पक्षाघातामागे बहुधा उच्च रक्तदाब असतो, आणि रक्तदाब व मधुमेह हे स्थूलतेचे जुने सोबती होत.

दीड मीटर उंचीच्या स्त्रीचे वजन ९० किलो झाले की तिचा देहभार निर्देशांक ४० होतो. ही तीव्र स्थूलता. तो आळसाचा दाखला नव्हे; आनुवंशिकता, संप्रेरके, काही औषधे, अपुरी झोप असे तिचे अनेक धागे आहेत. अशी स्त्री रुग्णालयात येते तेव्हा काटा अपुरा पडतो. कोणीतरी धान्याच्या काट्याची गोष्ट काढतो, हशा पिकतो. ती पुन्हा येत नाही. उपचार तेथेच संपले.

म्हणून पथकाचा आरंभ परिचारिकेपासून मानावा. नेहमीचा पट्टा जाड दंडाला बांधला तर रक्तदाब असतो त्याहून अधिक दिसतो आणि नको ते औषध सुरू होते. ही चूक शल्यविशारदाच्या नव्हे, तिच्याच लक्षात येते.

आपल्या भागात भूलतज्ज्ञाची जबाबदारी विशेष अवघड आहे. अतिस्थूल माणसाचा श्वास झोपेत वारंवार अडतो. भुलीनंतरही रक्तातील प्राणवायू उतरू शकतो. सिकलसेलच्या रुग्णात प्राणवायू उतरला की तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन रक्तवाहिन्या तुंबतात. तेव्हा शस्त्रक्रिया कोणतीही असो, सिकलसेलची तपासणी झाली आहे काय आणि रुग्ण घोरतो काय, हे दोन प्रश्न टाळता येणार नाहीत. दुसऱ्याचे उत्तर रुग्णाला नव्हे, घरच्यांना ठाऊक असते. त्यांनाही पथकात धरावे!

आहारतज्ज्ञाने ओट्सचा तक्ता देऊन भागणार नाही. येथील मुख्य अन्न भात. तो किती कमी करावा, तूर, अंबाडीची भाजी आणि तळ्यातील मासळी किती वाढवावी, हे अहेरीच्या बाजाराकडे पाहून ठरवावे लागते. पायांत रक्ताची गुठळी होऊ नये यासाठी रुग्णाला लवकर उभे करणे हे भौतिकोपचारतज्ज्ञाचे काम. पण कूस बदलायला चौघे सेवक एकाच वेळी लागतात.

जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया मोठ्या शहरांत होते. तिच्यानंतर लोह आणि ब-१२ जीवनसत्त्व आयुष्यभर तपासावे लागते. रक्तक्षय घरोघरी असलेल्या मुलखात ही बाब किरकोळ नव्हे. चंद्रपूरला २०१५ मध्ये व गडचिरोलीला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पुढील देखरेख तेथून व्हावी. सिरोंच्याच्या रुग्णाने दर वेळी नागपूर गाठावे, ही अपेक्षा अवास्तव आहे. तिच्या कार्डावर पुढील रक्ततपासणीचा दिनांक, आशाताईचे नाव आणि जवळचे आरोग्य केंद्र मोठ्या अक्षरांत लिहावे. आणि त्या केंद्रात रुंद पट्टा व २०० किलोपर्यंत तोलणारा काटा आधी पोहोचवावा.