घरदुरुस्तीचा करार



घरदुरुस्तीत तंटा होतो तो बहुधा ठरलेल्या कामावरून नव्हे, मागाहून निघालेल्या कामावरून. ‘भिंत फोडलीच आहे, तर नळही बदलून टाका,’ असे आपण सहज म्हणतो; हिशेबाच्या दिवशी त्याच वाक्याची किंमत मोजावी लागते. १८७२ चा करार कायदा तोंडी करारही मानतो. पण तो शाबीत कसा करणार? म्हणून दर, मुदत, माल कोणाचा, हे लिहून घ्यावे. गिलाव्याचा ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. त्यात खिडक्या धरायच्या की वजा करायच्या, हेही लिहावे. वाढीव काम दोघांच्या सह्या झाल्यावरच सुरू व्हावे. पैसे मापाप्रमाणे द्यावेत, शेवटचा हप्ता काम तपासून. मात्र झालेल्या कामाचे पैसे अडवू नयेत. कंत्राटदाराच्या मागे मजुरांच्या चुली असतात.