जोडीदारास 'ब' प्रकारची कावीळ असता

(जागतिक हिपॅटायटिस दिनानिमित्त रुग्णांच्या नातेवाइकांसमोर केलेल्या भाषणाचा सारांश)



जळगाव असो वा धुळे, आपल्या खान्देशात 'कावीळ' हा एकच शब्द अनेक रोगांसाठी वापरला जातो. दूषित पाण्यातून येणारी 'अ' आणि 'ई' प्रकारची कावीळ बहुधा काही आठवड्यांत बरी होते. 'ब' प्रकारचा, म्हणजे हिपॅटायटिस बी चा विषाणू निराळा आहे. तो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि प्रसूतीच्या वेळी मातेकडून बाळाकडे जातो. डोळे पिवळे न होताही तो यकृतात वर्षानुवर्षे राहू शकतो आणि पुढे सिरॉसिस किंवा कर्करोगास कारण होतो.

हा भेद ठाऊक नसल्याने घरात भलतीच खबरदारी घेतली जाते. रुग्णाचे ताट-तांब्या वेगळे होतात, शेतातल्या भरिताच्या पंगतीत त्याला दूर बसविले जाते, कधी सुनेची माहेरी रवानगी होते. वस्तुतः एकत्र जेवण्याने, खोकल्याने, मिठी मारल्याने वा लेकराला जवळ घेतल्याने हा रोग पसरत नाही. ज्या पतीला किंवा पत्नीला खरा धोका आहे, तिची वा त्याची तपासणी व लस मात्र राहून जाते.

दुसरी हानी संशयाने होते. श्री. अमिताभ बच्चन १९८२ साली 'कुली'च्या चित्रीकरणात जखमी झाले व मुंबईत उपचार घेताना त्यांना अनेकांचे रक्त द्यावे लागले. त्यातूनच हा विषाणू आपल्या शरीरात आला, तो अनेक वर्षांनी कळला आणि तोवर यकृताचा पाऊण भाग निकामी झाला होता, असे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांना या रोगासंबंधी सदिच्छादूत नेमले. जन्माच्या वेळी, न उकळलेल्या सुईतून, यात्रेतील गोंदणातून किंवा न्हाव्याच्या वस्तऱ्यातूनही संसर्ग झालेला असू शकतो. म्हणून अहवाल हाती येताच जोडीदाराच्या चारित्र्याची चौकशी आरंभू नये.

मग करावे काय? प्रथम जोडीदाराने रक्त तपासून घ्यावे. संसर्ग आहे का आणि प्रतिकारशक्ती आहे का, हे त्यातून कळते. दोन्ही नसल्यास लसीची पहिली मात्रा विनाविलंब घ्यावी. दुसरी एक महिन्याने, तिसरी सहाव्या महिन्यात. नुकताच संबंध आला असेल, तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन द्यावे लागते का, हे डॉक्टरांना त्वरित विचारावे; त्यासाठी १४ दिवसांपलीकडे थांबू नये. शेवटच्या मात्रेनंतर एक ते दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासावे. प्रतिपिंडांचा आकडा १० किंवा अधिक आला म्हणजे संरक्षण मिळाले. तोवर प्रत्येक वेळी निरोध वापरावा. यात संकोच नको, कारण पती-पत्नींमधील स्नेहाला याने बाधा येत नाही.

दाढीचे पाते, दातांचा ब्रश, नखे काढण्याचे साधन व साखर तपासण्याची सुई प्रत्येकाची स्वतंत्र असावी. हा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस जिवंत राहतो. म्हणून जखम झाकावी आणि सांडलेले रक्त हातमोजे घालून ब्लीचिंगच्या द्रावणाने पुसावे.

घरात पाळणा हलणार असेल, तर अधिक जागरूक राहावे. नवजात अर्भकास संसर्ग झाल्यास दहापैकी नऊ बाळांत तो कायमचा ठरतो. गर्भवतीची तपासणी व्हावी. ती बाधित असल्यास बाळाला २४ तासांच्या आत लस आणि शक्यतो १२ तासांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन द्यावे. मग माता निःशंकपणे स्तनपान करू शकते.

रुग्णाने मद्य वर्ज्य करावे, नियमित तपासणीस यावे आणि औषध स्वतःहून कधीही बंद करू नये. माळ घालून वा झाडपाल्यावर विसंबून काळ दवडू नये. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत शासकीय केंद्रांत या रोगाची तपासणी व औषधोपचार विनामूल्य उपलब्ध आहेत.

देणगीदारांना एक विनंती. ही लस बालकांच्या शासकीय लसीकरणात देशभर समाविष्ट झाली ती २०११ मध्ये. म्हणजे आज संसार करीत असलेल्या बहुतेक दांपत्यांना ती बालपणी मिळालेली नाही आणि प्रौढाला ती बहुधा विकत घ्यावी लागते. शेतमजुराच्या घरी रुग्णाच्या औषधाची सोय झाली, तरी निरोगी माणसासाठी पैसा खर्च करणे जिवावर येते. पहिली मात्रा होते, तिसरी राहते. आपल्या देणगीचा काही अंश अशा जोडीदारांच्या तीन मात्रांसाठी राखून ठेवावा. एक माणूस आजारी असला, तरी दुसरा निरोगी राहू शकतो, आणि ते घर उभे राहते.