उतारवयाची तजवीज आणि सल्लागाराचे प्रशिक्षण



तीर्थपुरी हे जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील बाजारपेठेचे ठिकाण. १९७६ मध्ये जायकवाडी धरणाचे लोकार्पण झाले. पुढे डाव्या कालव्याचे पाणी या पट्ट्यात फिरले, ऊस उभा राहिला आणि साखर कारखाना आला. मोसंबीच्या बागांनी जिल्ह्याचे नाव दूरवर नेले. शेतकऱ्याच्या आणि कामगाराच्या हाती रोख पैसा खेळू लागला. परंतु आज हाती आलेला पैसा हातपाय थकल्यावर उपयोगी कसा पडावा, हा प्रश्न बहुतेक घरांत अद्याप विचारलाच जात नाही.

पूर्वी या प्रश्नाचे उत्तर ठरलेले होते. मुलगा सांभाळील, शेत पिकेल, बाग फळेल. आता मुलगा पुण्यास किंवा छत्रपती संभाजीनगरास कारखान्यात नोकरी करतो आणि वाटणीनंतर शेताचे तुकडे होतात. बागेचा भरवसाही २०१२-१३ च्या दुष्काळाने हिरावून घेतला. त्या वर्षी जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा पाण्यावाचून वाळल्या. ज्या झाडांवर म्हातारपण काढायचे, तीच झाडे एका उन्हाळ्यात सरपण झाली. उत्पन्नाचे एकच साधन हीच म्हातारपणाची तजवीज समजणे किती धोक्याचे असते, हे या अनुभवाने दाखवून दिले.

अशा वेळी ग्रामीण कुटुंब सल्ला कोणाला विचारते? दारी येणाऱ्या विमा प्रतिनिधीला, टपाल कार्यालयाच्या बचतीचे हप्ते गोळा करणाऱ्या भगिनीला किंवा गावातील बँक मित्राला. १९७२ मध्ये सुरू झालेल्या महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेने अशा असंख्य भगिनींना घरोघरी नेले. लोकांचा विश्वास त्यांनी संपादन केला आहे. त्या विश्वासाला ज्ञानाची जोड मिळाली, तरच तो सार्थकी लागेल.

एक गाव, चार प्रकारची कुटुंबे

सल्लागाराने प्रथम ओळखावयाचे ते समोरच्या माणसाचे उत्पन्न आणि त्याची रीत. राज्यशासनाच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ नंतर दाखल झालेला शिक्षक नव्या अंशदायी पद्धतीखाली आला. आपल्याला कोणते पर्याय खुले आहेत आणि खात्यात किती रक्कम जमली आहे, हे त्याला ठाऊक असले पाहिजे.

साखर कारखान्याच्या कामगाराची गोष्ट निराळी. १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झालेल्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत मासिक निवृत्तिवेतनासाठी किमान १० वर्षांची सेवा लागते. हंगामी कामगाराला वाटते की, वर्षातून चार-पाच महिनेच काम असल्याने आपली १० वर्षे कधीच भरणार नाहीत. वास्तविक हंगामी आस्थापनेतील एका वर्षाची प्रत्यक्ष सेवा कितीही महिन्यांची असली, तरी या योजनेत ती पूर्ण वर्षाची धरली जाते. ही एक तरतूद ठाऊक नसल्याने जो कामगार नोकरी सुटताच सर्व रक्कम काढून घेतो, तो आयुष्यभराच्या निवृत्तिवेतनावर पाणी सोडतो. रक्कम न काढता योजना प्रमाणपत्र घेतले, तर मागील सेवा पुढील सेवेस जोडता येते.

तिसरे कुटुंब शेतकऱ्याचे. त्याला पैसा दरमहा मिळत नाही. उसाचे बिल येते तेव्हा एकदम येतो आणि देणी फेडता फेडता सरतो. त्याला मासिक हप्त्याची योजना दिली, तर चौथ्या महिन्यात हप्ता थकणार, हे सांगावयास ज्योतिषी नको. २०१५ मध्ये सुरू झालेल्या अटल पेन्शन योजनेत तिमाही व सहामाही हप्त्याचीही सोय आहे. बिलाच्या सुमारास येणारा सहामाही हप्ता निवडून देणे, हे जाणत्या सल्लागाराचे काम.

चौथे कुटुंब ऊसतोड मजुराचे. मुकादमाकडून उचल घेऊन कोयत्याची जोडी हंगामभर गाव सोडते. त्यांच्या नावे भविष्यनिर्वाह निधी नसतो आणि पाठीवर कर्ज असते. असंघटित कामगारांसाठी २०१९ मध्ये सुरू झालेल्या श्रमयोगी मानधन योजनेत १८ ते ४० वर्षांच्या व्यक्तीस वयानुसार ५५ ते २०० रुपये मासिक अंशदानावर साठीनंतर ३,००० रुपयांचे निवृत्तिवेतन ठरले आणि अंशदानाइतकीच भर केंद्रशासनाने घालावयाची ठरली. काहीच जमले नाही, अशा निराधार वृद्धास पासष्टीनंतर राज्याच्या श्रावणबाळ योजनेचा आधार आहे. २०२३ मध्ये तिची मासिक रक्कम १,००० वरून १,५०० रुपये झाली.

आकडे बोलतात

प्रशिक्षणातील दुसरा पाठ हिशेबाचा. अटल पेन्शन योजनेत ५,००० रुपयांच्या मासिक निवृत्तिवेतनासाठी अठराव्या वर्षी प्रवेश करणाऱ्यास दरमहा २१० रुपये, तिसाव्या वर्षी ५७७ रुपये आणि चाळिसाव्या वर्षी १,४५४ रुपये अशी हप्त्यांची कोष्टके ठरली. दिरंगाईची किंमत याहून स्पष्ट कोणते व्याख्यान सांगेल?

तथापि दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. महागाई दरसाल सहा टक्के वाढत राहिली, तर सुमारे १२ वर्षांत भाव दुप्पट होतात. तीस वर्षांनंतरचे ५,००० रुपये आजच्या ८७० रुपयांच्या आसपास ठरतील. कामगाराच्या निवृत्तिवेतनाचेही तसेच आहे. निवृत्तिवेतनास पात्र वेतन १५,००० रुपये आणि पात्र सेवा २८ वर्षे असेल, तर वेतनास सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागावयाचे. उत्तर ६,००० रुपये येते आणि महागाईबरोबर ती रक्कम आपोआप वाढत नाही. म्हणून एकच योजना घेऊन निर्धास्त होऊ नये. चाळिशी उलटलेल्यांसाठी २००९ पासून सर्व नागरिकांना खुली झालेली राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणाली आहे आणि साठी गाठलेल्यांसाठी टपाल कार्यालयातील ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे.

सुरक्षिततेचा विचार

जादा व्याजाच्या आमिषाने निवृत्तीची सारी पुंजी एका ठिकाणी ठेवून नंतर दारोदार फिरणारे ठेवीदार मराठवाड्याने पाहिले आहेत. बँकेतील ठेवीस ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. सहकारी बँकाही त्यात येतात, पतसंस्था मात्र येत नाहीत. पाटीवर नाव बँकेसारखे दिसले, तरी हा भेद सल्लागाराने ग्राहकाला समजावून दिलाच पाहिजे.

वारसाच्या नोंदीचेही तेवढेच महत्त्व आहे. अटल पेन्शन योजनेत खातेदाराच्या पश्चात तेवढेच निवृत्तिवेतन त्याच्या पत्नीस अथवा पतीस मिळते. परंतु पासबुकावरील नाव एक, आधारपत्रावरील दुसरे आणि लग्नापूर्वीचे तिसरे, अशी स्थिती असली, तर विधवा भगिनीला कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. कागद वेळीच जुळवून देणे ही सल्ल्याइतकीच मोठी सेवा आहे.

शिक्षणाची सोय

या व्यवसायाचे शिक्षण देणाऱ्या मान्यवर संस्था महाराष्ट्रातच आहेत. भारतीय विमा संस्था १९५५ पासून मुंबईत काम करीत आहे. भारतीय बँकिंग व वित्त संस्थेची परंपरा १९२८ पासूनची. रायगड जिल्ह्यातील पाताळगंगा येथे परिसर असलेली राष्ट्रीय प्रतिभूती बाजार संस्था २००६ मध्ये स्थापन झाली आणि तिने निवृत्ती सल्लागारासाठी स्वतंत्र प्रमाणपत्र परीक्षा सिद्ध केली. निवृत्तिवेतन निधी नियामक प्राधिकरणाने २०१६ मध्ये निवृत्ती सल्लागारांसाठी विनियमही केले. परीक्षा उत्तीर्ण होणे ही सुरुवात होय. नियम वारंवार बदलतात, म्हणून उजळणी सतत हवी आणि ती मराठीतून, तालुक्याच्या ठिकाणी, ऊस आणि मोसंबीच्या हिशेबाची उदाहरणे घेऊन झाली तर अधिक फलदायी ठरेल.

प्रतिनिधी आणि सल्लागार

शेवटचा मुद्दा सचोटीचा. कमिशन घेणे गैर नाही. पण ते किती मिळते, हे ग्राहकाने विचारताच सांगता आले पाहिजे. ज्या योजनेत कमिशन अधिक, तीच ग्राहकाला योग्य, असे समीकरण मांडले की प्रतिनिधी उरतो आणि सल्लागार संपतो. कर्जाचे व्याज भारी असेल, तर आधी कर्ज फेडा, नवा हप्ता पुढच्या वर्षी घ्या, असे सांगण्याचे धैर्य ज्याच्यापाशी आहे, त्याच्या शब्दावर गाव चालते.

तीर्थपुरीच्या परिसरात आज विशी-तिशीत असलेला तरुण आणखी तीस-चाळीस वर्षांनी साठीत पोहोचेल. त्या दिवशी त्याच्या हाती काय असेल, हे पुष्कळ अंशी आजच्या सल्ल्यावर अवलंबून आहे. तो सल्ला देणाऱ्यांनी स्वतः आधी शिकून घ्यावे, एवढीच या प्रसंगी विनंती.